नवे ड्रेडलॉक्स: पहिले सहा महिने कसे सांभाळाल

ड्रेड्स, म्हणजे केस गुंतवून घट्ट केलेल्या दोरासारख्या बटा, करून घरी आलं की त्या रात्री डोकं ठणकतं, आणि घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "आता हे धुणार कसं?" ठणका दोन-तीन दिवसांत जातो. प्रश्न मात्र बरोबर आहे. ड्रेड्स केले की केस धुवायची कटकट संपली, अशा समजुतीत जे राहतात त्यांचं डोकं पहिल्याच पावसाळ्यात वास मारायला लागतं. आपल्या हवेत नव्या ड्रेड्सची निगा म्हणजे वेळेवर धुणं, आतपर्यंत वाळवणं आणि उरलेल्या वेळी हात आवरणं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड.

आणखी एक आधीच सांगून ठेवतो. इंटरनेटवर सापडणारे बहुतेक व्हिडिओ आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसांसाठी असतात. ते साहजिकच आहे. जमैकात १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या रास्ताफारी पंथामुळे ही केशरचना जगभर ओळखीची झाली, आणि ते केस मुळातच स्वतःभोवती वळणारे. त्यांना पीळ देऊन जेल लावलं की पीळ धरून राहतो. आपल्या सरळ किंवा लहरी केसांना तोच पीळ दिला तर पहिल्या धुण्यात सुटून जातो. म्हणून आपल्याकडे केस उलटे विंचरून गुंता करतात आणि क्रोशाच्या बारीक सुईने तो आत ओढून घट्ट करतात. पुढचं सगळं अशा ड्रेड्सबद्दल आहे. 'रिट्विस्ट जेल' नावाचं जे काही ऑनलाइन दिसेल त्यावर पैसे घालवू नका.

पहिला आठवडा

मुळाशी ओढ बसलेली असते, त्यामुळे उशीवर डोकं टेकवलं तरी दुखतं. चालायचंच. पण तीन-चार दिवसांनंतरही दुखणं तसंच असेल, कानशिलांवर किंवा कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या आल्या असतील, भुवया ताणल्यासारख्या वाटत असतील, तर ड्रेड गरजेपेक्षा घट्ट झाला आहे. ज्याने केले त्याच्याकडे जा आणि मुळाशी सैल करून घ्या. "बसेल हळूहळू" असं ऐकून परत येऊ नका. सतत ओढ राहिली तर तिथले केस गळतात, आणि ओढ फार काळ चालू राहिली तर पुन्हा उगवत नाहीत. कपाळाची कड सगळ्यात आधी मागे सरकते.

ड्रेड वर बांधू नका, अंबाडा नको, पोनी नको. मोकळे सोडा. मुळाशी रबर लावून दिले असतील तर पहिल्या आठवड्यातच काढून टाका. ते केसांना कापत राहतात. टोकाचे रबर दोन-तीन आठवडे राहिले तर चालतील, पण विसरलात तर केस त्यांच्यावरून गुंततात आणि मग कात्रीच लावावी लागते.

पहिलं धुणं सहा-सात दिवसांनी करा. दोन-तीन महिने पाणी लावू नका असं सांगणारेही भेटतात. ऐकू नका. तेलकट केस एकमेकांवरून घसरतात, स्वच्छ केस एकमेकांना धरतात. तोवर घाम आलाच तर ओल्या सुती फडक्याने रेघांमधली टाळू पुसून घ्या.

धुणं

शाम्पू साधा हवा. कंडिशनर नको, 'टू इन वन' नको. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा: डायमेथिकोन किंवा शेवटी 'कोन' येणारं दुसरं काही दिसलं की ते सिलिकोन समजा आणि बाटली परत ठेवा. सिलिकोन केसांना गुळगुळीत करतं. जाहिरातीत तो गुण असतो, आपल्याला तो अवगुण आहे.

शाम्पू थेट ओतायचा नाही. मगभर कोमट पाण्यात एक चमचा कालवायचा आणि सॉसची रिकामी, चोच असलेली बाटली मिळाली तर तीत भरायचा. चोच दोन ड्रेड्सच्या मधल्या रेघेवर टेकवायची आणि टाळूवर धार सोडायची. मग बोटांच्या पेरांनी दाबायचं. नखं नाहीत, आणि खसाखसा चोळणंही नाही; चोळलं की मुळाशी नवा गुंता तयार होतो आणि शेजारशेजारचे ड्रेड्स एकमेकांत शिरतात. ड्रेड वेगळा घासायची गरज नाही. खाली वाहणारा फेस त्यातून जातो तेवढा पुरतो.

खरी मेहनत फेस काढण्यात आहे. पाणी ओता, ड्रेड मुठीत धरून वरून खाली पिळा, पुन्हा ओता. पिळून निघालेलं पाणी बोटांना बुळबुळीत लागतंय तोवर शाम्पू आत आहे. बादली-मगने आंघोळ करत असाल तर डोकं पुढे वाकवून मानेकडून पाणी घाला, म्हणजे मागच्या दाट भागातही जातं. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाची वडी कटाक्षाने टाळा. जड पाण्यातल्या क्षारांशी साबण मिळून पांढरा चिकट साका होतो, तो ड्रेडच्या पोटात बसतो आणि नंतर सहजासहजी निघत नाही. अशा ठिकाणी शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घेतले तर फरक जाणवतो.

रिठा-शिकेकाई चालते का, हा प्रश्न येतोच. चालते, पण उकळून आणि दुपदरी फडक्यातून गाळून. पूड मात्र कधीही नाही. आजीच्या डब्यातली शिकेकाईची पूड एकदा ड्रेडमध्ये शिरली की पुढचे कित्येक महिने पांढऱ्या उशीवर तिचे कण सापडत राहतात.

आठवड्यातून एकदा धुणं बहुतेकांना पुरतं. मुंबई, कोकण, गोव्याच्या घामट हवेत एप्रिल-मेमध्ये दोनदा धुवा. रोज व्यायाम करणाऱ्यांनी मधल्या दिवशी नुसत्या ओल्या फडक्याने टाळू पुसावी.

पहिल्या धुण्यानंतर आरशात बघून जीव घाबरा होतो: टोकं सुटलेली, मधून केसांचे फास बाहेर आलेले, सगळं डोकं पिंजारलेलं. असंच व्हायचं असतं. लगेच सुई घेऊन बसू नका.

वाळवणं

निम्मे ड्रेड्स इथे बिघडतात. बाहेरचे केस अर्ध्या तासात कोरडे लागतात, पण अंगठ्याएवढ्या जाड ड्रेडच्या गाभ्यात ओल तासन्‌तास राहते. पुण्यात मार्चमध्ये दुपारपर्यंत वाळणारं डोकं मुंबईत जुलैमध्ये रात्र झाली तरी आत ओलसर असतं. तसंच झोपलात, दुसऱ्या दिवशी वर हेल्मेट चढवलं, की ओल कोंडते आणि आत बुरशी धरते. मग पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीला येतो तसा वास येऊ लागतो, आणि तो आपल्याला सोडून सगळ्यांना येतो.

त्यामुळे क्रम असा ठेवा. धुणं सकाळीच, शक्यतो सुट्टीच्या दिवशी. रात्री डोकं धुवायचं नाही. न्हाणीघरातच तीन-तीन, चार-चार ड्रेड्स एकत्र धरून मुळापासून टोकापर्यंत दाबत पाणी काढा. पीळ घालू नका, नुसते दाबा. मग जुना पंचा किंवा सुती टी-शर्ट घ्या. जाड, लव असलेला टॉवेल नको, त्याचे धागे अडकतात. ड्रेड कापडात गुंडाळून पुन्हा दाबा, कापडाचा कोरडा भाग घ्या, पुन्हा दाबा. इथे दिलेली दहा मिनिटं पुढचे दोन तास वाचवतात.

त्यानंतर पंखा आणि ऊन. उन्हात बसायचं तर ड्रेड्स पसरून, अधूनमधून बाजू बदलत. पावसाळ्यात ड्रायरला पर्याय नाही. थंड किंवा मध्यम हवेवर, आधी मुळाशी, मग मानेवरच्या दाट भागात. फार गरम हवेने केस कोरडे होऊन तुटतात.

वाळले की नाही हे बोटांनी नीट कळत नाही. मानेजवळचा सगळ्यात जाड ड्रेड चिमटीत दाबा आणि वरच्या ओठावर टेकवा. जरासाही गार लागला तर आत ओल आहे. ही परीक्षा मानेच्याच ड्रेडवर करा. पुढचे आधी वाळतात आणि फसवतात.

गाडीवर पावसात भिजलात तर ऑफिसात पोचल्यावर पहिलं काम ड्रेड्स दाबून पाणी काढणं. बॅगेत एक पंचा असू द्या.

वास यायला लागलाच तर एक भाग अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि चार-पाच भाग पाणी असं मिश्रण करून ड्रेड्स त्यात पाच-दहा मिनिटं बुडवा. टाळूवर जखम असेल तर तिथे लागू देऊ नका, झोंबतं. मग भरपूर पाण्याने धुवा आणि त्या दिवशी वाळवण्यात अजिबात कसूर करू नका. इतकं करूनही कोरड्या ड्रेडला वास येत असेल, किंवा एखादा ड्रेड किंचित उकलून पाहिल्यावर आत राखाडी-काळे ठिपके दिसत असतील, तर तो कापा. एक ड्रेड गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

तेल आणि मेण

मेण लावू नका. किराणा दुकानातलं नको, ऑनलाइन मिळणारं 'ड्रेड वॅक्स' नको, मधमाश्यांचं शुद्ध मेणही नको. मधमाश्यांचं मेण साठ अंशांच्या वर वितळतं. तितकं गरम पाणी डोक्यावर घेता येत नाही, म्हणजे ते धुऊन निघायचा प्रश्नच मिटला. ते आत राहतं, धूळ धरतं, ओल कोंडून ठेवतं. गोव्यात किनाऱ्यावर ड्रेड्स करून देणारे पुष्कळ आहेत, त्यांतले काही चांगले हाताचेही आहेत, पण बसायच्या आधी "मेण लावता का?" एवढं विचारा. लावतो म्हणाले तर उठा.

तेलाचं भांडण घरात होणार. खोबरेल तेलाने गुंता सुटतो म्हणून तर आपण ते लावत आलो, आणि इथे तर गुंता टिकवायचा आहे. पहिले सहा महिने चंपी बंद. टाळू फारच कोरडी पडली तर धुण्याच्या आदल्या रात्री दोन-चार थेंब पेरावर घेऊन रेघांमध्येच टेकवा, ड्रेडला लागू देऊ नका. आईचा जीव राहत नसेल तर तळपायांना चोळून घ्या. झोप छान लागते आणि तिचंही समाधान होतं. कुंडीतल्या कोरफडीचा गरही नको, त्याचे तुकडे आत वाळून राहतात.

समुद्रात पोहायला हरकत नाही. खाऱ्या पाण्याने केस खरखरीत होतात आणि ड्रेड्सना ते मानवतं. पण त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ खाज आणतं. वाळू मात्र आठवडाभर गळत राहणार.

मुळांकडे दर आठवड्याला

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे दोन महिन्यांत प्रत्येक ड्रेडच्या मुळाशी दोनेक सेंटिमीटर मोकळे केस दिसणारच. ड्रेड 'सुटतोय' असं वाटून लोक इथे घाबरतात आणि सुई हातात घेतात. थांबा. ते नवे केस आहेत, त्यांना गुंतायला वेळ लागतो.

दर आठवड्याला न चुकता करायचं काम वेगळंच आहे: शेजारचे ड्रेड्स सोडवणं. धुतल्यावर, अर्धवट वाळलेले असताना, पुढून मागे एकेक ड्रेड घ्या. ड्रेड्स करताना टाळूवर चौकोन पाडलेले असतात; त्या चौकोनातले केस त्याच ड्रेडचे. शेजारच्या ड्रेडकडे गेलेले केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून, टाळूजवळून सुरुवात करून, हळूहळू फाकवा. थोडं चरचरतं, दोन-चार केस तुटतात, चालतं. कात्री नको. महिना-दोन महिने हे टाळलंत तर दोन ड्रेड्स मुळाशी एक होतात आणि मग निवड उरते ती रडत सोडवायची किंवा एक जाड ड्रेड म्हणून स्वीकारायची. मानेवरच्या आणि कानामागच्या ड्रेड्सकडे आधी पाहा, तिथे झोपेत घर्षण जास्त होतं.

सोडवून झाल्यावर मुळाचे मोकळे केस पेराखाली घेऊन टाळूवर हलकेच गोल फिरवा, प्रत्येक मुळाला दहा-पंधरा वेळा, दर वेळी एकाच दिशेने. मग ड्रेड दोन तळहातांत घेऊन वातीसारखा वळा, मुळापासून टोकाकडे. वळल्याने गुंता वाढत नाही, पण ड्रेड गोल राहतो आणि बाहेरचे केस बसतात. टीव्ही बघत करण्यासारखं काम आहे. टीव्ही संपला की थांबा.

सुईबद्दल. ०.५ ते ०.७५ मिलिमीटरची क्रोशाची सुई लागते. लोकर विणायची जाड सुई ड्रेड फाडते. सुई ड्रेडच्या एका बाजूने आरपार घालायची, दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या केसांत आकडी अडकवायची आणि सरळ आत ओढून घ्यायची. ओढताना सुई फिरवायची नाही. बारीक 'कट्‌कट्' ऐकू आलं की केस तुटताहेत. हात थांबवा, सुई मागे घ्या, कमी केस धरा. पहिले काही महिने हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या, तेही सहा-आठ आठवड्यांतून एकदाच. दर रविवारी सुई चालवणाऱ्यांचे ड्रेड्स दिसायला टणक असतात, पण आतून तुटक्या केसांचे असतात आणि वर्षा-दीड वर्षात मुळाशी बारीक होऊन गळतात. टोक मुळातून ओवून काढायची 'इंटरलॉकिंग' पद्धतही दिसेल. सरळ केसांत तिने मुळाशी भोकं पडू शकतात, तेव्हा घरच्या घरी नको.

झोप, हेल्मेट, गुलाल

उशीला सॅटिनचा अभ्रा घाला, किंवा डोक्याला जुनी गुळगुळीत ओढणी सैल गुंडाळा. लोकरी शाल आणि नवं ब्लँकेट डोक्याजवळ नको. काळ्या ड्रेडमध्ये अडकलेला पांढरा धागा चिमट्याने काढताना सगळा उत्साह संपतो. घरात झाडलोट, रंगकाम चालू असेल तर डोकं झाका.

दुचाकी चालवणाऱ्यांनो, हेल्मेटला सुट्टी नाही. पण जुनं हेल्मेट ड्रेड्सवर वर चढून बसत असेल तर ते कामाचं नाही, पुढचं मोठं माप घ्या. आत अंबाडा बांधायचा नाही. ड्रेड्स मागे सपाट घेऊन मानेवर सोडायचे. आतून पातळ सुती टोपी घाला आणि ती रोज धुवा. उतरल्यावर पाच मिनिटं डोकं मोकळं ठेवा.

होळीच्या आधी सगळे केसांना तेल चोपडतात. तुम्ही चोपडू नका. कोरडा रंग तेलात कालवला गेला की ड्रेडच्या आतून निघत नाही. घट्ट रुमाल, त्यावर शॉवर कॅप, त्यावर हवं तर टोपी. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतही हेच. गुलाल शिरलाच तर आधी कोरडाच झटका, मग धुवा. पहिल्या वर्षी दुरूनच नाचलेलं बरं.

खाज, कोंडा, उवा

पहिले दोन-तीन आठवडे खाज येते. बोटाने टपटप मारा, खाजवू नका. पुढेही थांबली नाही तर बहुधा शाम्पू नीट निघत नाही आहे किंवा कोंडा आहे. कोंड्याला तेल लावायची आपली जुनी खोड आहे, पण कोंडा वाढवणारी बुरशी टाळूच्या तेलकटपणावरच जगते. त्वचारोगतज्ज्ञ सहसा किटोकोनॅझोलचा शाम्पू देतात. तो टाळूवर तीन-पाच मिनिटं ठेवून धुवायचा असतो. पिवळसर खपल्या, पू, गोल चट्टा किंवा टक्कल पडलेली जागा दिसली तर घरगुती उपाय न करता डॉक्टरकडे जा.

उवा झाल्या तर ड्रेड्स कापावे लागतातच असं नाही. परमेथ्रिनचं एक टक्क्याचं लोशन टाळूला लावून सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावायचं असतं, पण ड्रेड्समध्ये फणी चालत नाही, त्यामुळे लिखा काढता येत नाहीत आणि डॉक्टरला दाखवूनच उपचार घ्यावेत. रॉकेल ओतू नका. अजून ओततात म्हणून लिहिलं.

घरचे "जट आली" म्हणतील तेव्हा

म्हणणारच. आपल्याकडे, विशेषतः कर्नाटकाच्या सीमेलगत, बाईच्या केसांत आपोआप गुंता झाला की तो सौंदत्तीच्या यल्लम्माचा कौल मानतात. मग भीतीपोटी तो ना विंचरला जातो, ना कापला जातो. वर्षानुवर्षं त्या ओझ्याने मान दुखते, टाळूला जखमा होतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांशी बोलून, त्यांच्या संमतीने जट कापून देत आले आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी अशी जट भीतीने वागवत असेल तर त्यांना समितीची माहिती द्या. वर लिहिलेली निगा त्यांच्यासाठी नाही.

तुमच्या ड्रेड्सना कुणी हळद-कुंकू लावायला आलं तर हात जोडून नको म्हणा. श्रद्धेचा वाद घालत बसू नका, हळदीचा डाग निघत नाही एवढं कारण पुरे. आजीची शंका फिटवायची असेल तर एकदा तिच्यासमोर डोकं धुवा. फेस दिसला की निम्मा विरोध मावळतो.

मधले महिने, आणि कंटाळा आला तर

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ड्रेड्स सगळ्यात वाईट दिसतात. लांबी आखडते, मध्ये फुगवटे येतात, एखादा वाकडाच वळतो. बहुतेक लोक याच काळात कापून टाकतात. फुगवटे आतून घट्ट होतानाच येतात. सरळ केसांचे ड्रेड्स टणक व्हायला वर्ष ते दोन वर्षं लागतात. या दिवसांत रुमाल बांधा, टोपी घाला, फोटो काढू नका.

तरीही नको झाले तर पहिल्या काही महिन्यांत ते उकलता येतात. भरपूर कंडिशनर (आता चालेल), बारीक शेपटीचा कंगवा आणि मदतीला दोघं-तिघं. टोकापासून सुरू करायचं, बोटभर मोकळं झालं की वर सरकायचं. मुळाकडून ओढलंत तर केस जातील. एका बैठकीत होणार नाही. हातात केसांचे पुंजके येतील आणि टक्कल पडतंय असं वाटेल. पण माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस तसेही गळतात. एरवी ते कंगव्यात येतात, ड्रेड्समध्ये आतच अडकून राहतात. तीन महिन्यांचा हिशेब साडेचार ते नऊ हजार केसांचा होतो, त्यातले बरेचसे त्या पुंजक्यात असतात.